वेन्लीवर इंग्रजी बंद

"बारा जणं?" गोरोन्वीने ओठांना लावलेला कप तसाच खाली ठेवला. "वेन्लीवर? मेंढ्या गाभण असताना? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, इद्वल?"

"एक मार्चला फक्त. सकाळी दहाला चढायचं, एकला खाली."

"हो का! मग मेंढ्यांना निरोप देतो तसा. म्हणतो, एकपर्यंत पोटं आवरून बसा."

ऐर्वेनने, म्हणजे गोरोन्वीच्या बायकोने, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. नवऱ्याने काही खूळ काढलं की सगळ्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघायचं, ही जी रीत आहे तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. मी नेस्टा, इद्वलची बायको. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली आणि मी घरी बसले. त्याच शाळेत, माझ्या कितीतरी आधी, हे दोघे एका बाकावर बसायचे. तेव्हापासून इद्वलने खूळ काढायचं, गोरोन्वीने शिव्या घालायच्या आणि मग इद्वल म्हणेल तेच करायचं, असं चाललेलं आहे.

वेन्ली हा आमच्या गावामागचा डोंगर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसतं गवत. कडा नाही, तळं नाही, फोटो काढावा असं काही नाही, म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला गोरोन्वीचं घर आणि त्याची कुरणं, त्यामुळे वर जायचं तर त्याच्या अंगणातूनच जावं लागतं. खोऱ्याच्या पलीकडे मोठा डोंगर आहे. तिथे माथ्यापर्यंत आगगाडी जाते, वर चहा-केक मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी शिखराला हात लावायला पोस्टात पेन्शनला लागते तशी रांग लागते. इद्वलने त्या डोंगरावर एकतीस वर्षं पायवाटा बांधल्या. पहारीने दगड हलवायचे, पायऱ्या बसवायच्या, पाण्याला चर काढायचे, आणि वरून लोकांनी टाकलेल्या केळ्याच्या साली, ओले रुमाल, कुणाच्या तरी आजोबांची राख हे सगळं भरून खाली आणायचं. त्याचे गुडघे तिथेच गेले.

रविवारी चॅपलमधून आला की मात्र हा माणूस काठी घेऊन वेन्लीवर जायचा. बहुतेक वेळा एकटा, कधी गोरोन्वी बरोबर. आणि दर वेळी वेगळ्या रेघेने चढायचा. "तीन माणसं एका जागी पाय देऊन गेली की वाट पडायला लागते," म्हणायचा. "मला नको सांगूस, माझा धंदाच तो." लोकांसाठी जन्मभर वाटा पाडल्या आणि स्वतःला वाट नसलेला डोंगर हवा! पण ते एकच सुख होतं त्याचं, आणि ते गोरोन्वीच्या फाटकातून जात होतं. मी त्याला कधी अडवलं नाही.

मोठ्या डोंगराखालच्या बस थांब्यावर बसला की पाहुणे त्याला हमखास विचारायचे, इंग्रजीत, की बाबा रे, इथे जरा कमी गर्दीचा डोंगर कुठला? इद्वल अतिशय गोड चेहरा करून त्यांना खोऱ्याच्या टोकाच्या सूचीपर्णी जंगलात पाठवायचा. तिथे दोन तास चाललं तरी झाडाच्या बुंध्यापलीकडे काही दिसत नाही. संध्याकाळी ती माणसं माशा चावून लालेलाल होऊन परत यायची. एकतीस वर्षांत वेन्लीचं नाव त्याने एकालाही सांगितलं नव्हतं.

मग गेल्या सप्टेंबरात फिलिपा भेटली.

तिनेही तेच विचारलं, त्याच थांब्यावर. पण विचारलं वेल्शमध्ये, आमच्या भाषेत. पुस्तकातून उचलून आणल्यासारखी भाषा होती तिची. "क्षमा असावी महोदय, येथे निकट असा एखादा पर्वत आहे काय, जेथे जनसमुदाय नसतो?"

इद्वल घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. डोळे भरलेले. मला वाटलं कुणी गेलं.

"नेस्टा, ब्रिस्टलची बाई गं! तीन वर्षं शिकतेय, रात्रीच्या वर्गात. आणि आपल्या व्याकरणाप्रमाणे शब्दाचं पहिलं अक्षर जिथे बदलायचं तिथे बरोब्बर बदलतेय. आपली लुनेदसुद्धा चुकते तिथे."

"बूट काढ आधी," मी म्हणाले.

लुनेद ही आमची मुलगी. लीड्सला असते, नवरा तिकडचाच. दोन नाती आहेत आम्हांला, गोड आहेत, आणि दोघींना आमच्या भाषेतलं एक अक्षर येत नाही. फोनवर इद्वल त्यांच्याशी तीन वाक्यं बोलतो, मग फोन माझ्या हातात देतो आणि मागच्या दारी जाऊन उभा राहतो. आमच्या ओळीत बावीस घरं आहेत. चौदा घरांच्या दाराला किल्ली ठेवायच्या डब्या लटकवल्यात, पाहुण्यांना भाड्याने दिलेली घरं ती, आठवड्याला नवी माणसं. चॅपलमध्ये रविवारी आम्ही सातजण असतो आणि त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही. अशा माणसाला एखाद्या परक्या बाईने 'जनसमुदाय' म्हटलं, तर तो वितळणार नाही तर काय होईल? त्याने तिला वेन्लीचं नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबला नाही, स्वतः घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी फिलिपा आमच्या स्वयंपाकघरात बसायची. मी तिला खाऊ घालायची आणि इद्वल तिच्याशी बोलायचा. मला तिचा राग करायला आवडलं असतं, पण तेवढी सोय तिने ठेवली नाही. भांडी घासायची, चुकली तर स्वतःलाच हसायची. तिच्या वर्गात अकरा जणं आणखी होती. आमच्या देशाच्या संत डेव्हिडच्या दिवशी, एक मार्चला, आपण सगळे वेन्लीवर जाऊ, आमची भाषा बोलत चढू, बोलत उतरू, अशी टूम तिने काढली. इद्वल हो म्हणून बसला, आणि मग गोरोन्वीकडे विचारायला गेला. क्रम बघा. म्हणून आम्ही त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो.

"बारा माणसं आपल्या भाषेत बोलत त्या डोंगरावर चढतील, गोरोन्वी," इद्वल म्हणाला. "शेवटचं कधी ऐकलंस तू बारा माणसं एकदम?"

"परवा, मेंढ्यांच्या लिलावात. सगळी एकमेकांना शिव्या देत होती."

"थट्टा नको रे."

"मी कुठे थट्टा करतोय? तू करतोयस. हा कळप माझ्या आज्याच्या हातचा आहे. या मेंढ्यांना डोंगर पाठ आहे, कुंपण नसताना आपल्या हद्दीत राहतात. आई पिलाला दाखवते, ते पिलू पुढे आपल्या पिलाला. यांतली एक मेली ना, तर बाजारातून आणून भरता येत नाही. आणलेली मेंढी दुसऱ्या दिवशी दलदलीत सापडते."

"मी पुढे असेन. माझ्यावर सोड."

गोरोन्वीने कप बाजूला सारला. "तुला नाही म्हणायला जमत नाही मला, हेच माझं चुकतं आयुष्यभर," तो म्हणाला. "कुत्री नकोत."

"एकच आहे. त्यांच्यातल्या एकाचं. घरी एकटं राहत नाही म्हणे ते."

"इद्वल!"

"बांधून आणेल तो."

"माझ्या फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत दोरी हातातून सुटायची नाही. सुटली तर फाटक बंद. त्यांनाच नाही, तुलापण."

"शब्द दिला," इद्वल म्हणाला आणि दोघांनी लहान पोरांसारखे हात मिळवले.

एक मार्चला आकाश लख्ख होतं आणि वारा कान कापत होता. मी घरी पहाटेच कावल चढवलं होतं, मटण आणि लीक, म्हणजे जाड कांद्याची पात, यांचा आमचा रस्सा, खाली उतरल्यावर सगळ्यांना चॅपलच्या खोलीत वाढायला. दहाला बाराही जणं गोरोन्वीच्या अंगणात हजर. प्रत्येकाच्या छातीवर सणाचं पिवळं डॅफोडिल टोचलेलं. एक कीथ नावाचा उंच, भला माणूस, निवृत्त दंतवैद्य, आणि त्याच्या हातातल्या दोरीला तांबूस, मोठं, दांडगं कुत्रं. त्याचं नाव बिस्किट.

इद्वल पायरीवर उभा राहिला. चॅपलमध्येही एवढा ताठ उभा राहिलेला मी त्याला पाहिला नाही. म्हणाला, "एकच नियम. या फाटकातून आत पाऊल टाकलं की इंग्रजी बंद. शब्द अडला तर थांबा, शोधा, हातवारे करा, पण इंग्रजी नाही. जो बोलेल तो जेवताना एकटा गाणं म्हणेल."

सगळे खिदळले. कीथने हात वर केला. "महाशय, माझ्या श्वानाचे नाव इंग्रजी आहे. काय करावे?"

"आजच्या दिवस तो बिस्गेदन," इद्वल म्हणाला. आमच्या भाषेत बिस्किटाला तेच म्हणतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रं आपलं दुसरीकडेच बघत होतं.

गोरोन्वीने फाटक उघडलं, एकेकाला आत घेतलं आणि कीथपाशी बोट दाखवून म्हणाला, "दोरी."

"होय महाशय. दोरी आहे महाशय. आपला अत्यंत ऋणी आहे."

"हा कुठून आणलास?" गोरोन्वीने इद्वलला हळूच विचारलं.

ऐर्वेन आणि मी अंगणातच थांबलो. माझे गुडघे इद्वलच्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत, पण मला डोंगर चढून वर काय करायचं हे कधी समजलेलं नाही. अंगणातून वेन्ली सगळी दिसते. खालचं दगडी भिंतीतलं कुरण, तिथे गाभण मेंढ्या पसरलेल्या, आणि त्याच्यावर मोकळं गवत. इद्वल पुढे, काठी टेकत. त्याचं ओरडणं खालपर्यंत ऐकू येत होतं. "एकामागे एक चालू नका! पसरा! वाट पडते!" आणि मागून ती बाराजणं, मोडकंतोडकं, मोठमोठ्याने, एकमेकांना हवेबद्दल आणि गवताबद्दल विचारत चाललेली.

गोरोन्वी फाटकाला टेकून ऐकत होता. त्याचं कुत्रं, मॉट, पायाशी बसलं होतं. "ऐकलंस, नेस्टा?" तो म्हणाला. "ती निळ्या टोपीवाली 'दोन मेंढी' म्हणाली." आणि हसला. गालातल्या गालात नाही, चांगला हसला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मलाही फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या डोंगरावर माणसांचा आवाज ऐकला नव्हता, आणि आपल्या भाषेतला तर नाहीच नाही. मला वाटलं, इद्वलचं खूळ या वेळी खरंच बरं निघालं.

ती माणसं माथ्यावर पोचली, बसली, थर्मास निघाले. उतरायला लागली तेव्हा साडेबारा झाले असतील. कुरणाच्या वरच्या फाटकाशी कीथ थांबलेला दिसला. कुत्र्याला पाणी पाजत होता. नंतर कळलं, भांड्यात तोंड घालताना दोरी गळ्याला काचते म्हणून त्याने ती सोडली होती. एक मिनिटापुरती, तो म्हणाला.

आधी मेंढ्या दिसल्या. विखुरलेल्या होत्या त्या एकदम एक झाल्या आणि उताराने निघाल्या. मागे तांबडा ठिपका.

"दोरी," गोरोन्वी म्हणाला. ओरडला नाही. तोंडातल्या तोंडात म्हणाला आणि घराकडे धावला.

आणि मग वरून तो आवाज आला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. कीथ हात पसरून ओरडत होता, "बिस्गेदन! बिस्गेदन, कृपा करून इकडे यावे! कृपा करून यावे!"

ते कुत्रं कशाला थांबेल? त्याला ना ते नाव ठाऊक ना ती भाषा. बाकीचे अकराजणही ओरडायला लागले, वर्गात शिकवलेलं. "थांबावे!" "आपण खाली बसावे!" निळ्या टोपीवाली 'धोका'ला शब्द शोधत होती, तिचं तोंड उघडं आणि आवाज नाही, हे मला एवढ्या लांबून दिसत होतं. गंमत म्हणून ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते मी.

"इंग्रजीत बोलाव, मेल्या!" मी ओरडले. सव्वीस वर्षं शाळेच्या जेवणघरात तीनशे पोरांना गप्प बसवणारा आवाज आहे माझा. पण वारा उलटा होता. "इंग्रजीत बोलाव रे त्याला! मुडद्या, इंग्रजीत!"

ऐर्वेन माझा दंड धरून उभी होती. गोरोन्वीने घरातून बंदूक घेतली आणि चारचाकी मोटरसायकल सुरू केली, मॉट मागे उडी मारून बसला.

इद्वल सगळ्यांत पुढे होता, म्हणजे सगळ्यांत खाली. पहिल्यांदा तो नुसता उभा राहिला. मग काठी टाकून वर पळायला लागला. ते गुडघे आणि तो चढ! दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तो तिथूनच, गुडघ्यांवर बसूनच ओरडला, "बिस्किट! कम हिअर! कम हिअर, बॉय!"

कुत्रं जागच्या जागी थांबलं. वळलं. आणि शेपूट हलवत त्याच्याकडे आलं.

पण मेंढ्या काही थांबल्या नाहीत. घाबरलेल्या मेंढ्यांना कोपरा दिसला की त्या कोपऱ्यात जातात, आणि मागच्या पुढच्यांवर चढतात. दोन भिंती मिळतात तिथे त्यांचा एक पांढरा ढीग झाला, उंच झाला, आणि मग हलेनासा झाला.

मी चढले. कशी ते विचारू नका. मी पोचले तेव्हा गोरोन्वी कोपऱ्यातून मेंढ्या ओढून बाहेर काढत होता. वरच्या उठून लंगडत चालायला लागल्या. खालच्या उठल्या नाहीत. पोटं फुगलेली, तोंडाला फेस, जिभा बाहेर. अकरा होत्या. एकीच्या पोटात अजून काहीतरी हलत होतं, ते गोरोन्वीने हात ठेवून पाहिलं आणि ते थांबेपर्यंत हात तसाच ठेवला. मॉट लांब बसून थरथरत होता.

बाराजणं एका ओळीत उभी. फिलिपा रडत होती. कीथने कुत्र्याला दोरी लावली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आमच्या भाषेत, "मला अत्यंत दुःख आहे, महाशय. मला अत्यंत दुःख आहे."

गोरोन्वी उठला, हात पॅंटला पुसले, बंदूक उचलली. कीथकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "दोरी लांब धर. बाजूला हो."

मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायचा कायद्याने त्याला हक्क आहे, हे आमच्याकडच्या लेकरालाही माहीत आहे. कीथला समजलं. तो पांढराफटक पडला, पण बाजूला झाला नाही.

तेव्हा इद्वल मध्ये आला. चिखलाने माखलेला, टोपी कुठेतरी पडलेली. "नको, गोरोन्वी," म्हणाला. "जाऊ दे. मी नियम केला, माझी चूक. हा बिचारा शिकतोय. आपलीच माणसं आहेत रे ही."

मी मनात म्हटलं, मेल्या, एवढं सोडून दुसरं काहीही बोलला असतास!

गोरोन्वीने त्याच्याकडे पाहिलं. मग बंदुकीची नळी खाली करून उघडली आणि त्यातल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या.

"आपली तिकडे पडलीयेत," तो म्हणाला आणि कोपऱ्याकडे परत गेला.

कावल कुणी जेवलं नाही. भांडंभर रस्सा मी परसात ओतला, आणि मटणाचा वास दोन दिवस दारात राहिला.

त्या आठवड्यात आणखी सहा मेंढ्या गाभडल्या. हे मला ऐर्वेनने दुकानात सांगितलं, पावाच्या फळीसमोर उभं राहून, पावाकडे बघत. "जेवत नाही धड," म्हणाली. "तुम्ही येऊ नका अजून, नेस्टा." मी म्हटलं, बरं. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण माझी, आणि आम्ही दोघी बरं म्हणून आपापली पिशवी उचलून निघालो. नवऱ्यांच्या भांडणात बायकांचं जे होतं तेच झालं, त्यात नवीन काही नाही. तरी माझा जीव जळायचा तो जळलाच.

इद्वलने चार वेळा फोन केला. घंटा वाजायची आणि बंद व्हायची. गुरुवारी फिलिपा आली. इद्वल मागच्या शेडमध्ये जाऊन बसला आणि मी दारातच तिला सांगितलं, त्याला बरं नाही. ती म्हणाली, "आम्ही वर्ग बंद करायचा विचार करतो आहोत." मला म्हणावंसं वाटलं की बाई, वर्ग बंद करून मेंढ्या उठणार आहेत का? पण तिचा चेहरा बघून म्हणाले नाही. कीथचं पत्र आलं, चार पानी, हाताने लिहिलेलं, आमच्या भाषेत. इद्वलने ते टेबलाशी बसून दोनदा वाचलं, शाळेत मास्तर वाचतात तसं बोट फिरवत.

"एकही चूक नाही," तो म्हणाला.

"जाळून टाक ते पत्र!" मी ओरडले. "आग लागो त्या तुझ्या व्याकरणाला! साठ वर्षांपासूनचा दोस्त घालवलास तू त्या पहिल्या अक्षरापायी!"

त्याने पत्र घडी करून पाकिटात घातलं. मग मला फार वाईट वाटलं, पण बोलून गेले होते.

तिसऱ्या रविवारी चॅपलमधून आल्यावर त्याने टोपी घातली, काठी घेतली. "मी जाऊन येतो," म्हणाला.

"वर?"

"वर नाही. गोरोन्वीकडे. त्याला म्हणतो, मेंढ्या विणार आता, रात्रपाळीला माणूस लागेल. मी बसतो शेडमध्ये. फाटकाबाहेरच बोलेन, आत जाणार नाही."

"मी येते."

"कशाला?"

"माझी मर्जी."

खरं म्हणजे त्याला एकट्याला पाठवायला मन होईना, म्हणून गेले. रस्त्यावर परक्या गाड्या होत्या, मोठ्या डोंगराकडे चाललेल्या, सुट्टी सुरू झाली होती. वळणापाशी आल्यावर वेन्ली दिसली. कोवळं गवत यायला लागलं होतं, वर कुणी नव्हतं. इद्वलने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

गोरोन्वी अंगणात होता. फाटकाच्या पलीकडे, हातात बादली, पाठमोरा. फाटकाला नवी साखळी आणि कुलूप. आमची चाहूल लागल्याबरोबर मॉट धावत आला, गजांमधून तोंड घालून त्याने इद्वलच्या तळहाताला नाक लावलं. इद्वल वाकला, त्याचे कान चोळायला लागला. मला वाटलं, बरं झालं, सुरुवात तरी झाली.

गोरोन्वी वळला. बादली खाली ठेवली. चार पावलं पुढे आला आणि थांबला.

"कॅन आय हेल्प यू?" त्याने विचारलं.

आवाज चढवून नाही. रागाने नाही. चुकून अंगणात गाडी घालणाऱ्या पाहुण्याला विचारतात ना, अगदी तसं, सभ्यपणे. शाळेत इंग्रजीच्या तासालासुद्धा हे दोघे एकमेकांशी कधी इंग्रजीत बोलले नव्हते. त्यापायी छड्या खाल्ल्या होत्या दोघांनी. इद्वलचा हात मॉटच्या कानावर तसाच राहिला. मी गोरोन्वीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, काहीतरी हलेल, डोळ्यांत काही दिसेल म्हणून. ऐर्वेन खिडकीत होती, ती आत सरकली.

इद्वल सरळ उभा राहिला. त्याने टोपी काढली. आणि मोठ्या डोंगरावर पाहुण्यांशी एकतीस वर्षं जी इंग्रजी बोलला, त्याच स्वच्छ, नम्र इंग्रजीत म्हणाला, "नाही, आभारी आहे. आमचं फाटक चुकलं."

गोरोन्वीने मान हलवली. मॉट अजून गजांमधून तोंड काढून इद्वलच्या मोकळ्या हाताकडे बघत होता. गोरोन्वीने बादली उचलली, पाठ फिरवली, आणि चालता चालता आमच्या भाषेत, अगदी हळू, प्रेमाने म्हणाला, "ये रे, मॉट. ये बाळा."

मॉट लगेच गेला.